शेतपंपाच्या मोटारीस ब्रेकर कोणता बसवावा?

विहिरीवरची मोट जाऊन तेलाचें इंजिन आलें, आणि इंजिन जाऊन विजेची मोटार आली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० सालीं स्थापन झाल्यानंतर खेडोपाडीं तारा पोहोंचल्या. आज विजेच्या पंपावांचून बागाईत करणारा शेतकरी विरळा. मोटार घेतांना तो चार ठिकाणीं चौकशी करितो, पंप किती उंचीवर किती पाणी चढवील हें विचारतो, केबलीचे भाव काढितो. परंतु मोटारीच्या आधीं फळीवर जो लहानसा सर्किट ब्रेकर बसवावयाचा, त्याची निवड मात्र दुकानदार जें पुढें करील त्यावर सोंपविली जाते. पुढें तो ब्रेकर वारंवार पडूं लागला म्हणजे त्याहून मोठा आणून बसवावयाचा, किंवा किटकॅटमधील तार जळूं लागली म्हणजे तिचे आणखी दोन पदर घालावयाचे, अशी रीत सर्वत्र पडून गेली आहे. या रीतीनें मोटारी जळतात, ऐन पाण्याच्या वेळीं पिकें वाळतात, आणि कित्येक ठिकाणीं माणसेंहि दगावतात. सबब या विषयाचा थोडा तपशिलानें विचार करणें अवश्य वाटतें.

आमचें मुख्य सांगणें आरंभींच मांडतों. ब्रेकर हा तारेचा व केबलीचा राखणदार आहे. मोटारीचा राखणदार निराळा आहे, आणि माणसाचा त्याहूनहि निराळा आहे. हीं तीन कामें एकाच्याच गळ्यांत घातल्यामुळें बहुतेक नुकसान होतें.

ब्रेकरच्या पोटांत काय असतें

नेहमींच्या लहान ब्रेकरमध्यें, ज्यास बाजारांत एमसीबी म्हणतात त्यांत, दोन युक्त्या असतात. एक म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. प्रवाह जास्त वाहूं लागला कीं ती तापून वांकते व खटका सोडते. हें काम सावकाश होतें. दुसरी म्हणजे तारेचें लहान वेटोळें. दोन तारा एकमेकींस लागून एकाएकीं प्रचंड प्रवाह सुटला तर हें वेटोळें लोहचुंबकासारखें होऊन खटका तत्काळ ओढून पाडतें. पहिली युक्ति हळूहळू चढणाऱ्या भारासाठीं व दुसरी शॉर्टसर्किटसाठीं आहे.

ब्रेकरवर जो आंकडा छापलेला असतो तो म्हणजे नेमक्या तेवढ्या अँपियरास खटका पडेल असें नव्हे. प्रमाणित ब्रेकर छापील आंकड्याच्या १.१३ पटीपर्यंत तासभर पडतां कामा नये, आणि १.४५ पट प्रवाह झाला तर तासाच्या आंत पडलाच पाहिजे. म्हणजे १६ अँपियरचा ब्रेकर १८ अँपियरास तासभर स्वस्थ राहील, व २३ अँपियरास तासाच्या आंत केव्हां तरी पडेल. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

पहिली पायरी : मोटारीची पाटी वाचणें

निवडीचा आरंभ दुकानांत न होतां मोटारीच्या अंगावरील पाटीपासून व्हावा. पाटीवर अश्वशक्ति, व्होल्ट व पूर्ण भाराचे अँपियर दिलेले असतात. तीन फेजच्या ४१५ व्होल्टांवरील मोटारीस दर अश्वशक्तीस सुमारें दीड अँपियर लागतो, असा ढोबळ हिशेब आहे. त्याप्रमाणें ३ अश्वशक्तीस पांचाच्या आंत, ५ अश्वशक्तीस साडेसात, साडेसात अश्वशक्तीस ११ व १० अश्वशक्तीस साडेचौदा अँपियर असा अंदाज बसतो. पाण्यांत बुडणारी सबमर्सिबल मोटार याहून थोडा अधिक प्रवाह घेते. तेव्हां ढोबळ हिशेब पाटी पुसली गेली असेल तरच वापरावा. पाटी वाचतां येत असेल तर तिचाच आंकडा प्रमाण धरावा.

दुसरी पायरी : उठतांनाचा झटका

बैल जसा भरली गाडी हलवितांना जास्त जोर लावितो, तशी मोटारहि उभी असतांना फिरूं लागण्यासाठीं जास्त प्रवाह ओढते. साध्या, म्हणजे डायरेक्ट स्टार्टरवर हा प्रवाह पूर्ण भाराच्या सहा ते सात पट असतो. ५ अश्वशक्तीची मोटार चालतांना साडेसात अँपियर घेत असली तरी उठतांना ४५ ते ५२ अँपियर घेईल, आणि अगदीं पहिल्या क्षणार्धांत याहूनहि मोठी उसळी येईल. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर स्टारमध्यें उठतांना तारेंतील प्रवाह सुमारें एकतृतीयांशावर येतो.

हा झटका शॉर्टसर्किट समजून ब्रेकरनें पडूं नये, म्हणून ब्रेकरच्या जाती केलेल्या आहेत. बी जातीचा ब्रेकर छापील आंकड्याच्या ३ ते ५ पट प्रवाहास तत्काळ पडतो. सी जातीचा ५ ते १० पटीस. आणि डी जातीचा १० ते २० पटीस. ही जात ब्रेकरवर अँपियरच्या आंकड्याआधीं एका अक्षरानें छापलेली असते.

आतां १६ अँपियरचे तिन्ही ब्रेकर घेऊन पाहूं. बी जातीचा ४८ ते ८० अँपियरांच्या दरम्यान पडणार. म्हणजे ५ अश्वशक्तीची मोटार उठतांनाच तो पडण्याचा पुष्कळ संभव. बी जात घरांतील दिवे व साधीं उपकरणें यांसाठीं आहे, ती मोटारीस घेऊं नये. सी जातीचा ८० ते १६० अँपियरांच्या दरम्यान पडणार; तो बहुधा टिकेल, परंतु पहिल्या उसळीनें कधीं कधीं पडेल. डी जातीचा १६० ते ३२० अँपियरांच्या दरम्यान पडणार. त्यास मोटारीच्या उठण्यानें कांहीं होत नाहीं. यावरून दिसेल कीं, चालू करतांना ब्रेकर पडत असेल तर सोळाचा काढून बत्तीसचा बसविणें हा उपाय नव्हे. तोच सोळाचा ठेवून जात बदलणें हा उपाय आहे.

डायरेक्ट स्टार्टरवरील साध्या शेतपंपासाठीं ब्रेकरचा आंकडा मोटारीच्या पूर्ण भाराच्या पावणेदोन ते सव्वादोन पट घ्यावा. तो सामान्यतः असा बसतो :

३ अश्वशक्ति (सुमारें ५ अँपियर) — १० अँपियर, डी.
५ अश्वशक्ति (सुमारें ७॥ अँपियर) — १६ अँपियर, डी.
७॥ अश्वशक्ति (सुमारें ११ अँपियर) — २० अँपियर, डी.
१० अश्वशक्ति (सुमारें १४॥ अँपियर) — २५ अँपियर, डी. स्टार-डेल्टा असल्यास सी.

मोटारीच्या कारखानदारानें पुस्तिकेंत निराळा आंकडा दिला असेल तर तोच मानावा.

तिसरी पायरी : केबलीची लांबी

वरील तक्त्यास एक अपवाद आहे. मीटरची पेटी बांधावर आणि विहीर दूर, अशी स्थिति पुष्कळांची असते. समजा मीटरपासून मोटार २०० मीटर दूर आहे व केबल २॥ चौरस मिलिमीटर तांब्याची आहे. जाण्यायेण्याच्या ४०० मीटर तारेचा रोध सुमारें ३ ओहम होतो. मोटारीपाशीं दोन फेज एकमेकांस लागले तर ४१५ व्होल्टांवर प्रवाह सुमारें १४० अँपियरच वाहील. डी जातीच्या १६ अँपियरच्या ब्रेकरास तत्काळ पडण्यास निदान १६० अँपियर पाहिजेत. तेव्हां तो चटकन पडणार नाहीं, आणि जोडपट्टी तापेपर्यंत केबल भाजत राहील. तेथें सी जातीचा ब्रेकर अधिक बरा. ६ चौरस मिलिमीटरची केबल असेल तर हाच प्रवाह सुमारें ३३५ अँपियरपर्यंत चढतो, व डी जातीचाहि ब्रेकर पडण्यास तो बहुधा पुरतो. या हिशेबांत रोहित्रापासून मीटरपर्यंतच्या तारांचा रोध धरलेला नाहीं. तो धरल्यास दोन्ही आंकडे आणखी उतरतात.

जाड केबलीचा दुसराहि लाभ आहे. बारीक केबलींत मोटार नुसती चालत असतांना सुमारें १६ व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात, जाड केबलींत सातांच्या आंत. आधींच दाब कमी असलेल्या गांवीं हे नऊ-दहा व्होल्ट सोडण्यासारखे नाहींत. शिवाय केबल पेलूं शकेल त्याहून मोठा ब्रेकर कोणत्याहि सबबीवर बसवूं नये. तसें केल्यास केबल हीच फ्यूज होते.

तीन फेजला एकच दांडी

तीन फेजच्या मोटारीस तीन ध्रुवांचा, एका दांडीनें पडणारा ब्रेकरच घ्यावा. कांहीं ठिकाणीं स्वस्त पडतात म्हणून एकेरी तीन ब्रेकर शेजारीं शेजारीं बसविलेले आढळतात. त्यांतील एक पडला कीं मोटार उरलेल्या दोन फेजवर ओरडत राहते व थोड्याच वेळांत जळते. किटकॅट फ्यूजमध्यें हाच मोठा दोष आहे : तीनपैकीं एक तार जळते आणि दोन शिल्लक राहतात. ब्रेकर फ्यूजहून श्रेष्ठ मानावयाचा तो मुख्यतः तिन्ही फेज एकदम तोडतो म्हणून. तो गुणच घालविला तर ब्रेकर घेण्यांत अर्थ उरत नाहीं.

खरेदी करतांना आय.एस.आय. छाप पाहावी. ब्रेकर किती मोठा शॉर्टसर्किट स्वतः न फुटतां तोडूं शकतो, हा आंकडाहि त्यावर छापलेला असतो. १०० केव्हीएच्या रोहित्राच्या तोंडाशीं सुमारें तीन हजार अँपियरपर्यंत प्रवाह सुटूं शकतो. बाजारांत मिळणारे सहा हजार किंवा दहा हजारांचे प्रमाणित ब्रेकर शेतपंपास पुरेसे आहेत. छाप नसलेल्या स्वस्त मालावर हे आंकडे असले तरी ते खरे असतील अशी खात्री नाहीं.

मोटारीचा राखणदार : रिले

आतां महत्त्वाची गोष्ट. वरीलप्रमाणें ब्रेकर अगदीं बिनचूक निवडला, तरी त्यानें मोटार वांचेल असें समजूं नये. खेड्यांत मोटार जळण्याचीं नेहमींचीं दोन कारणें घेऊं.

पहिलें, एक फेज जाणें. डी.पी.वरचा एक फ्यूज गेला किंवा तार तुटली, आणि मोटार पूर्ण भारावर फिरत राहिली, तर उरलेल्या दोन फेजमधील प्रवाह सुमारें पावणेदोन पट होतो. ५ अश्वशक्तीच्या मोटारीचे साडेसातांचे १३ अँपियर होतात. परंतु १६ अँपियरचा ब्रेकर १८ अँपियरासहि तासभर पडत नाहीं, हें आपण वर पाहिलें. म्हणजे मोटार जळून जाईल व ब्रेकर उभाच राहील.

दुसरें, दाब उतरणें. ४१५ च्या ठिकाणीं ३३० व्होल्ट आले तर मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत उतरून सुमारें ६४ टक्के राहतो. पाणी मात्र तितकेंच चढवावयाचें असतें. तेव्हां मोटार सुमारें सव्वापट, म्हणजे नऊ-साडेनऊ अँपियर ओढूं लागते. येथेंहि ब्रेकरास कांहीं दिसत नाहीं.

या दोन्ही आपत्तींतून वांचविणारा तो स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले. त्याची चकती मोटारीच्या पाटीवरील अँपियरांवर लावावी, त्याहून वर मुळींच नव्हे. दहाव्या वर्गाचा रिले, मोटार चालून तापलेली असतां, दीडपट प्रवाहास चार मिनिटांच्या आंत तोडतो. सबमर्सिबल मोटार लवकर तापते, म्हणून तिला दहाव्या वर्गाहून मंद रिले घेऊं नये. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्यें रिले वेटोळ्याच्या फेजमध्यें जोडलेला असतो; तेथें पाटीवरील आंकड्याच्या ०.५८ पट लावावें. १० अश्वशक्तीच्या साडेचौदा अँपियरांस हा आंकडा सुमारें ८.४ येतो. तेथें साडेचौदा लावून ठेवणें म्हणजे रिले काढून टाकल्यासारखेंच होय.

ज्यांस ब्रेकर व रिले एकाच पेटींत हवे असतील त्यांनीं मोटारीसाठीं मुद्दाम केलेला, चकती फिरवून अँपियर लावतां येणारा ब्रेकर घ्यावा. ५ अश्वशक्तीस ६ ते १० अँपियरांच्या टप्प्याचा चालतो. किंमत जास्त आहे. परंतु एक वेळ मोटार गुंडाळून घेण्याचा खर्च व तेवढे दिवस पिकाचें पाणी तुटणें यांशीं ती ताडून पाहावी. गव्हास पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यांत मुकुटमुळें फुटतात. त्या वेळचें पाणी आठ दिवस लांबलें तर झालेला तोटा मागाहून पाणी देऊन भरून निघत नाहीं.

विहिरीचें पाणी तुटून पंप कोरडा फिरूं लागला, तर प्रवाह वाढत नाहीं, उलट कमी होतो. ही आपत्ति ब्रेकरास व साध्या रिलेस सारखीच अदृश्य आहे. उन्हाळ्यांत ज्यांची विहीर उपसा पेलत नाहीं त्यांनीं कोरडा पंप बंद करणारें स्वतंत्र साधन बसवावें.

माणसाचा राखणदार

पंपाच्या लोखंडी अंगांत किंवा पाइपांत वीज उतरून मृत्यु आल्याच्या बातम्या दर पावसाळ्यांत वाचावयास मिळतात. तेथें ब्रेकर होता, तो पडला कां नाहीं, असा प्रश्न लोक विचारतात. त्याचें उत्तर आंकड्यांत आहे. मुरमाड जमिनींत आर्थिंगच्या वाटेचा एकंदर रोध २० ओहम धरला, तर २४० व्होल्टांच्या फेजमधून जमिनींत १२ अँपियरच उतरतात. मोटारीचे साडेसात मिळवूनहि बेरीज वीसांच्या आंत राहते, आणि सोळाचा ब्रेकर तेवढ्यावर तासभर पडेलच असें नाहीं. रिले कांहीं वेळानें तोडील. परंतु पंपास हात लावलेल्या माणसास तेवढा वेळ नसतो. गळती स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटींतच असेल तर ती रिलेच्या अलीकडे असल्यानें त्यास दिसतच नाहीं. आणि गळती अर्ध्या-एका अँपियरची असेल तर ब्रेकर व रिले दोघांनाहि तिचा पत्ता लागत नाहीं. माणसाच्या शरीरांतून मात्र अँपियरच्या सहस्रांशांनीं मोजावा इतका प्रवाहहि जीव घेण्यास पुरतो.

हें काम गळती ओळखणाऱ्या ब्रेकरचें आहे. त्यास आरसीसीबी, व जुन्या बोलण्यांत ईएलसीबी, म्हणतात. गेलेला प्रवाह व परत आलेला प्रवाह यांत तफावत पडली कीं तो तोडतो. ३० मिलिअँपियरचा असेल तर तेवढ्या गळतीस सेकंदाच्या तीन दशांशांच्या आंत तोडतो. जेथें माणसाचा हात पंपास, स्टार्टरास किंवा पाइपास लागतो तेथें हाच घ्यावा. तो विनाकारण पडतो अशी तक्रार असते; परंतु बहुतेक वेळां कारण असतें, तें म्हणजे केबलीचा ओला सांधा किंवा मोटारीचें उतरलेलें इन्सुलेशन. वायरमनकडून मेगर लावून पाहावें. एक मेगओहमहून कमी आलें तर दोष ब्रेकरचा नव्हे. यावर तपासणीचें बटण असतें; तें महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. न्यूट्रल नसलेल्या जोडणींत हें बटण चालावें अशा रीतीनें तारा जोडल्या आहेत ना, याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी. हा ब्रेकर गळतीपुरताच आहे. तो साध्या ब्रेकरच्या जोडीस बसवावयाचा, त्याच्या ऐवजीं नव्हे. आर्थिंगचा खड्डाहि ओला व जोडणी घट्ट ठेवावी.

ब्रेकर वारंवार पडत असेल तर

प्रथम केव्हां पडतो तें पाहावें. चालू करतांच पडत असेल तर जात चुकली असेल, किंवा पंप अडकला असेल. दहा-वीस मिनिटांनीं पडत असेल तर चिमटा-मीटरनें तिन्ही फेजचे अँपियर मोजावे. भार वाढला आहे, दाब उतरला आहे किंवा एक फेज अशक्त आहे तें कळतें. भर दुपारींच पडत असेल तर पेटी उन्हांत आहे काय तें पाहावें. या ब्रेकरचे आंकडे ३० अंश उष्णतामानास ठरविलेले असतात. वैशाखांत उन्हांतील पत्र्याच्या पेटींत याहून पुष्कळ अधिक उष्णता असते, आणि जोडपट्टी लवकर वांकते. तेथें पेटीवर छप्पर घालावें, ब्रेकर वाढवूं नये. सैल स्क्रूमुळें सांधा तापूनहि हेंच होतें. लगेच व पुन्हा पुन्हा पडत असेल तर शॉर्टसर्किट समजून दोष सांपडेपर्यंत खटका वर करूं नये.

वीज येतांच मोटार आपोआप चालू करणारे ऑटो स्विच रात्रीच्या पाळीमुळें पुष्कळांनीं लावले आहेत. गैरसोय आम्ही जाणतों. परंतु ऑटो असेल तेथें एक फेज नसल्यास मोटार उठूं न देणारें साधन अवश्य असावें, आणि एकदां पडलेला रिले आपोआप परत बसणार नाहीं अशी तजवीज असावी. पंपावर हात घालण्यापूर्वीं ऑटो बंद करून मुख्य खटका पाडल्याखेरीज काम करूं नये. वीज केव्हां येईल याचा नेम नसतो. डी.पी.वर चढून स्वतः फ्यूज घालणें तर सर्वस्वी वर्ज्य समजावें. तें काम महावितरणच्या माणसाचें आहे.

सौर पंपाविषयीं थोडेसें

२०१९ सालीं सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेपासून सौर पंप वाढले आहेत. सौर पट्ट्यांपासून येणारी वीज एकाच दिशेची, डी.सी. असते. नेहमींच्या विजेचा प्रवाह सेकंदांत १०० वेळां शून्यावर येतो, म्हणून खटका उघडतांना उठलेली ठिणगी विझते, डी.सी.मध्यें ती तशी विझत नाहीं, व साधा ब्रेकर पेट घेतो. तेव्हां पट्ट्यांच्या बाजूस डी.सी.साठींच केलेला, पट्ट्यांच्या पूर्ण व्होल्टांचा ब्रेकर पाहिजे. जुन्या पंपाचा उरलेला ब्रेकर तेथें लावूं नये.

शेवटीं संघाच्या सभासदांस एक सूचना करावीशी वाटते. चिमटा-मीटर व मेगर हीं दोन उपकरणें प्रत्येकानें घेण्याजोगीं नाहींत, परंतु गांवच्या शाखेनें एकेक घेऊन ठेवल्यास सर्वांस पुरतील. रब्बीचें पहिलें पाणी सुरू होण्यापूर्वीं जाणत्या वायरमनास बरोबर घेऊन प्रत्येक सभासदाच्या पंपावर चार गोष्टी पाहाव्या : ब्रेकरचा आंकडा व जात, रिलेची चकती, गळतीच्या ब्रेकरचें बटण, आणि आर्थिंगची जोडणी. त्या टिपून वहींत ठेवाव्या. एका पंपास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणार नाहीं. जेथें गळतीचा ब्रेकर नाहीं असें आढळेल तेथें तो त्याच आठवड्यांत बसवावा. बाकीची दुरुस्ती चार दिवस मागें पडली तरी चालेल, ही मात्र पडूं नये.